खाटा, डॉक्टर आणि रुग्ण : मेडिकल कॉलेजला मान्यता कशी मिळते?

(पालक आणि विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. या विषयात शिरलो तो भाचीमुळे. तिला नीटमध्ये बरे गुण पडले आणि कौन्सेलिंगसाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली. तिने विचारलं, "मामू, हे कॉलेज नवीन आहे. वर टाकू की खाली?" मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मी, आपा आणि भाची, तिघं एका कामाच्या दिवशी सकाळी ते कॉलेज बघायला गेलो. इमारत चकचकीत, फरशा नव्या, ग्रंथालय वातानुकूलित. पण अकरा वाजता ओपीडीच्या बाकांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. खिडकीतला कारकून म्हणाला, "पेशंट येतील हळूहळू." बाहेर पडताना आपा म्हणाली, "पेशंटच नाहीत तर ही पोरं शिकणार कुणावर?"

तिच्या या प्रश्नात मान्यतेची सगळी नियमावली आली. ती नियमावली सोप्या शब्दांत सांगावी, म्हणून आज उभा आहे. पण त्याआधी, हा विषय आजच का, ते सांगतो.

जम्मूत कटऱ्याजवळ श्री माता वैष्णोदेवी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल एक्सलन्स हे नवीन कॉलेज आहे. सप्टेंबर २०२५मध्ये त्याला एमबीबीएसच्या ५० जागांची परवानगी मिळाली. प्रवेश नीटच्या गुणवत्तेवर झाले. पहिल्या तुकडीतल्या ५० मुलांपैकी ४२ मुस्लिम निघाली. लगेच आंदोलन सुरू झालं. देवस्थानाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत ही मुलं कशी, त्यांचे प्रवेश रद्द करा, अशी मागणी झाली. ६ जानेवारी २०२६ला कॉलेजची परवानगीच काढून घेतली गेली. आदेशात मुलांच्या धर्माबद्दल एक शब्द नव्हता. कारणं होती त्रुटींची : अध्यापक ३९ टक्के कमी, ट्यूटर आणि सीनियर रेसिडेंट ६५ टक्के कमी, ओपीडीत ४०० ऐवजी १८२ रुग्ण, खाटा ८० टक्के भरलेल्या हव्यात तिथे ४५ टक्के. मुलांना जम्मू-काश्मीरमधल्याच इतर कॉलेजांत जादा जागांवर सामावून घ्यावं, असंही आदेशात होतं. आंदोलकांनी जल्लोष केला.

त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोनच प्रकारचे मेसेज फिरत होते. एक म्हणे, त्रुटी वगैरे सगळा बहाणा आहे. दुसरा म्हणे, नियम म्हणजे नियम, उगाच धर्म मध्ये आणू नका. मला दोन्ही मेसेज अपुरे वाटले. का, ते कळायला आधी नियम काय आहे ते बघू.

परवानगीचा प्रवास

१९९३पर्यंत नवीन मेडिकल कॉलेज काढायला केंद्राची आगाऊ परवानगी लागत नसे. राज्य आणि विद्यापीठ तयार झाले की कॉलेज सुरू व्हायचं, तपासणी नंतर. कॅपिटेशन फीवाली कॉलेजं बोकाळली ती याच काळात. १९९३ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि केंद्राची परवानगी सक्तीची झाली. शिफारस करायचं काम मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाकडे आलं. त्या कौन्सिलचं पुढे काय झालं? २०१०मध्ये तिच्या अध्यक्षांनाच एका कॉलेजच्या मान्यतेतल्या लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली आणि सरकारने कौन्सिल बरखास्त केली. पुढची दहा वर्षं कधी प्रशासक, कधी पुन्हा कौन्सिल, कधी सुप्रीम कोर्टाने नेमलेली देखरेख समिती, असं चाललं. शेवटी २०१९चा कायदा आला आणि २५ सप्टेंबर २०२०पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग म्हणजे एनएमसी सुरू झाला.

आयोगाखाली चार स्वायत्त मंडळं आहेत. त्यातलं मूल्यांकन आणि मानांकन मंडळ नवीन कॉलेजला परवानगी देतं. कायदा त्याला मुख्यतः तीन गोष्टी बघायला सांगतो : पैसा पुरेसा आहे का, शिकवणारे आणि इतर सोयी पुरेशा आहेत का, रुग्णालय पुरेसं आहे का.

अर्जाला राज्य सरकारचं आवश्यकता प्रमाणपत्र लागतं, म्हणजे या भागात कॉलेजची गरज आहे असा दाखला. विद्यापीठाची संलग्नतेची संमती लागते. आपल्याकडे ते नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रुग्णालय आधीपासून चालू लागतं. 'बांधणार आहोत' चालत नाही.

२०२३च्या निकषांप्रमाणे ५० जागांसाठी २२० खाटा, १०० जागांसाठी ४२०, दीडशेसाठी ६०५. या खाटा वर्षभर सरासरी ८० टक्के भरलेल्या हव्यात. ओपीडीत दर जागेमागे रोज आठ रुग्ण, म्हणजे ५० जागांना ४००, शंभरला ८००. शंभर जागांसाठी किमान ८५ अध्यापक. त्यांची हजेरी आधारशी जोडलेली. आधी बोटाच्या ठशाने होती, मे २०२५पासून चेहरा दाखवून.

तपासणीत सगळं ठीक निघालं तर परवानगीपत्र मिळतं. पण ही फक्त पहिली तुकडी घ्यायची परवानगी. पुढे दर वर्षी नूतनीकरण. पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचते तेव्हा पुन्हा तपासणी होते आणि मग त्या कॉलेजच्या पदवीला मान्यता मिळते. म्हणजे 'परवानगी' आणि 'मान्यता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मध्ये चार-साडेचार वर्षं आहेत. नवीन कॉलेजात गेलेलं मूल या काळात कॉलेजबरोबर स्वतःही परीक्षा देत असतं. हे आपल्यातल्या किती पालकांना माहीत होतं?

डेमो आणि खरं काम

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला दाखवायचा डेमो वेगळा आणि खरं चालणारं सॉफ्टवेअर वेगळं. डेमोच्या दिवशी सगळं सुरळीत चालतं, कारण सगळं त्या दिवसापुरतं मांडलेलं असतं. मेडिकल कॉलेजच्या तपासणीचा आजार हाच आहे. २०२५मध्ये सीबीआयने तीसहून जास्त जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात आरोग्य मंत्रालयातले कर्मचारी, तपासणीला जाणारे डॉक्टर आणि खासगी कॉलेजांचे चालक होते. आरोप असा की तपासणीची तारीख आणि तपासनीसांची नावं आधीच फोडली जायची. मग कॉलेजवाले त्या दिवसापुरते प्राध्यापक आणायचे, खाटांवर खोटे पेशंट झोपवायचे. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण नियम कडक आणि मोजणी ढिली असली की काय होतं, ते यातून दिसतं.

दुसऱ्या बाजूने कॉलेजांची संख्या पळत सुटली आहे. २०१४ला देशात ३८७ मेडिकल कॉलेजं होती, दहा वर्षांत ती साडेसातशेच्या वर गेली. आपल्याच राज्यात ऑक्टोबर २०२४मध्ये एका दिवशी दहा सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. गडचिरोली, हिंगोली, वाशिमला कॉलेज हवंच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण शरीररचना किंवा न्यायवैद्यक शिकवणारे डॉक्टर एका वर्षात तयार होत नाहीत. म्हणून देशातल्या अनेक सरकारी कॉलेजांना अध्यापक कमी असल्याच्या कारणे दाखवा नोटिसा जातात. बहुतेकांना मुदत मिळते आणि गाडी पुढे चालते.

मग कटऱ्याचं काय?

आता ते दोन मेसेज परत बघू.

'सगळा बहाणा आहे' म्हणणाऱ्यांना मी विचारतो : ४०० ऐवजी १८२ रुग्ण असतील तर त्या ४२ मुलांचं शिक्षण चांगलं झालं असतं का? मूल आपलं असलं म्हणून अर्धवट कॉलेज चांगलं ठरत नाही. उद्या ते मूल आपल्याच आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावणार आहे.

'नियम म्हणजे नियम' म्हणणाऱ्यांनाही माझा प्रश्न आहे. परवानगी सप्टेंबरमध्ये दिली आणि जानेवारीत काढली. मधे चार महिने. एवढी मोठी तूट जानेवारीत होती, तर सप्टेंबरमध्ये काय मोजलं? आणि सप्टेंबरमध्ये सगळं ठीक होतं, तर चार महिन्यांत एवढं बिघडलं कसं? सप्टेंबरच्या मोजणीचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. शिवाय कायद्यात शिक्षेच्या पायऱ्या आहेत : ताकीद, दंड, जागा कमी करणं, पुढचे प्रवेश थांबवणं. इतरांना नोटीस आणि मुदत मिळत असताना इथे एकदम शेवटची पायरी का, हे सांगण्याची जबाबदारी मंडळाची आहे. रस्त्यावर धर्माच्या नावाने आंदोलन चालू असताना तर दुप्पट आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलू. मुलांना दुसरीकडे जागा मिळाल्या, त्यांचं वर्ष वाचलं, हे चांगलंच झालं. पण त्या भागातल्या रुग्णांना मिळणार होतं ते कॉलेज गेलं. ५० जागा गेल्या. त्या पुढच्या वर्षी कुठल्याही धर्माच्या मुलाला मिळाल्या असत्या. हा जल्लोष नेमका कशाचा होता, हे जल्लोष करणाऱ्यांनीच स्वतःला विचारावं.

आपलंही घर बघू

आपल्या सभांमध्ये एक मागणी नेहमी येते : 'कौमचं मेडिकल कॉलेज हवं.' राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. अक्कलकुव्याच्या जामियाने जालना जिल्ह्यात बदनापूरला मेडिकल कॉलेज उभं केलं, हे आपल्यासमोर आहे. पण हा हक्क म्हणजे निकषांतून सूट नाही. चालवण्याचा हक्क म्हणजे वाईट चालवण्याचा हक्क नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने १९५८पासून सांगितलेलं आहे. २००५च्या पी. ए. इनामदार खटल्यात कोर्टाने कॅपिटेशन फी घेता येणार नाही म्हणून सांगितलं. तो खटला आपल्या महाराष्ट्रातला, पुण्याच्या इनामदारसाहेबांच्या नावाचा. २०२०मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की नीट अल्पसंख्याक संस्थांनाही लागू आहे. मला हे निकाल जाचक वाटत नाहीत. आपल्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरवर शेजारच्या गावातल्या पाटलांचाही भरवसा बसायचा असेल, तर मोजपट्टी एकच हवी.

म्हणून चंदा गोळा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. कॉलेजच्या कमानीआधी दवाखान्याचा विचार करा. वस्तीत शंभर खाटांचं स्वस्त, चांगलं रुग्णालय पाच-सात वर्षं चालवून दाखवा. रुग्णाने आपला जीव डॉक्टरच्या हाती देणं ही अमानत आहे. जे रुग्णालय ती सांभाळतं तिथे रुग्ण आपोआप येतात, आणि रुग्ण आले की निकषाचा सगळ्यात अवघड भाग पूर्ण होतो.

पालकांनी काय करावं?

पहिलं, कॉलेज बघायला जायचं तर कामाच्या दिवशी जा, न सांगता जा आणि आधी ओपीडीत बसा. एक तास रुग्ण मोजा. मग वॉर्डात डोकावून बघा, खाटा भरल्यात का.

दुसरं, विचारा : परवानगी कितव्या वर्षाची आहे? नूतनीकरण झालं का? पदवीला मान्यता मिळाली आहे का? कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, आयोगाच्या संकेतस्थळावर नाव आणि जागा ताडून बघा.

तिसरं, आधीच्या वर्षाच्या मुलांशी बोला. शिकवायला कोण येतं, किती दिवस येतं, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

चौथं काम आपल्या चळवळीचं आहे. मंडळाने कॉलेजांचं मूल्यांकन लोकांसमोर ठेवावं, असं २०१९च्या कायद्यातच लिहिलं आहे. आपण मागणी करू की प्रत्येक कॉलेजचा तपासणी अहवाल पूर्णपणे जाहीर करा, परवानगी देतानाचा आणि काढतानाचाही. कटऱ्याचा करा, आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजचा करा, आपल्या कौमच्या संस्थेचाही करा. आयोगाला माहिती अधिकार लागू आहे. पोस्टल ऑर्डर दहा रुपयांची आहे. अर्ज लिहायला मी बसेन, इथल्या दोघातिघांनी माझ्यासोबत बसावं.

दोन्ही अहवाल सगळ्यांसमोर असते, तर कटऱ्याच्या वेळी आपल्याला अंदाजावर भांडावं लागलं नसतं. आकडे वाचून बोलता आलं असतं, आणि समोरच्यालाही आकड्यांवरच बोलावं लागलं असतं.

माझी भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे, एका जुन्या सरकारी कॉलेजात. हॉस्टेलच्या भिंतींना ओल आहे, मेसच्या डाळीबद्दल रोज तक्रार असते. परवा फोनवर म्हणाली, "मामू, आज ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती." आपाने फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, "मग बरोबर ठिकाणी आहेस."