पांढरीची माती आणि आम्ही

(विहाराच्या वर्धापनदिनी शेळगाव येथे केलेले भाषण)



आम्हाला भाषणाची सवय नाही. आयुष्यभर हातात पाटी आणि खुरपं. पण विहाराच्या मंडळींनी आग्रह धरला की, तुम्ही भावांनी तरुणपणी उत्खननावर काम केलंय ते पोरांना सांगा. म्हणून उभे राहिलो. बोलणारा एक, आठवणी दोघांच्या.

आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. पोटासाठी शेळगावला आलो आणि इथलेच झालो. घोड भीमेला मिळते, भीमेचं पाणी आपल्या इंदापूरच्या शिवेवर उजनीत थांबतं. तेव्हा आम्ही पाण्याबरोबरच खाली आलो म्हणा ना!

घोडकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी माणसं. आम्ही शेवटच्या काही हंगामांत मजुरीला होतो. काम हिवाळ्यात, सुगी उरकल्यावर. थंडीत सकाळी हजेरी लागायची. सुतळी बांधून चौकोन आखलेले असत. दोन खड्ड्यांच्या मधे मातीची भिंत तशीच उभी ठेवायची, तिला हात लावला की बोलणी बसायची! आम्हाला वाटे, एवढी माती का सोडतात? पुढे कळलं, मातीचे थर त्या भिंतीतच वाचता येतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना.

टिकाव फार कमी चाले. खुरप्याने माती खरवडायची, काही लागलं की हात थांबवायचा, मग ब्रश. पाटीतली माती चाळायची. बाया खापरं धुऊन उन्हात वाळत घालीत. मग प्रत्येक खापरावर शाईने खूण, आणि पिशवीत चिठ्ठी: कुठला खड्डा, कुठला थर, किती खोल. चिठ्ठी हरवली की ती पिशवी मुकी झाली. राखेची माती पाण्यात ढवळली की जळके दाणे वर तरंगत. जव, गहू, मसूर! तीन हजार वर्षांमागचा दाणा तळहातावर घेतला त्या रात्री आम्हाला भाकरी गोड लागली नाही की कडू लागली, काही आठवत नाही. नुसते बोलत बसलो होतो.

संध्याकाळी गावातली माणसं यायची. पहिला प्रश्न ठरलेला, "सोनं निघालं का?" आम्ही म्हणायचो, घरं निघाली. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली १३० हून अधिक घरं तिथे उघडी झाली. आधीची चौकोनी, ऐसपैस; शेवटच्या काळातली लहान, गोल झोपड्यांची. पाऊस कमी होत गेला, लोक गरीब झाले, असं अभ्यासक मानतात. पाच खोल्यांचं एक मोठं घर वस्तीच्या मधोमध, शेजारी धान्याचं कोठार. कुंभार, सोनार यांची घरं पश्चिमेच्या कडेला. हे ऐकून आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "म्हंजे तवाबी कडंलाच व्हय रं?" आम्ही हसलो, पण हसू टिकलं नाही. अर्थात तेव्हाची कडेची घरं म्हणजे नंतरचा आपला वाडा असं मात्र म्हणता येणार नाही. मातीत जेवढं आहे तेवढंच बोलावं.

आता मनातलं सांगतो. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. आमच्या गावाबाहेरही ओसाड पांढरीचं टेकाड होतं. ती माती शेताला चांगली म्हणून लहानपणी आम्ही ती बैलगाड्यांनी वाहिली. एकदा दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत बारीक हाडं. आम्ही घाबरलो. करणीबिरणी असेल म्हणून दगडाने फोडली आणि नदीत टाकली.

पुढे इनामगावला घराच्या जमिनीखाली तशीच मडकी निघाली. साहेबांनी सांगितलं, हे तान्ह्या लेकराचं दफन. आईबापांनी लेकराला दूर नेलं नाही, घरातच ठेवलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी साहेबांना काही सांगायचं धाडस झालं नाही.

आपल्या समाजाला हे जास्त लागायला हवं. नालासोपाऱ्याच्या एका टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तेव्हा तो स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा, आणि शेवटी भिक्षापात्राचे तुकडे. भोवती आठ बुद्धमूर्ती, आणि यज्ञश्री सातकर्णीचं नाणं. मूर्ती नाण्याच्या कितीतरी शतकं नंतरच्या. म्हणजे स्तूप मधेच उघडून लोकांनी पुन्हा मूर्ती ठेवल्या, हे समजतं. कारण काय कुठे होतं ते इंद्रजींनी लिहून ठेवलं. गाडीत भरून नेलं असतं तर?

हल्ली पोरं पाया खणताना वीट-दगड निघाला की मोबाइलवर फोटो टाकतात, खाली लिहितात, "बुद्धकालीन अवशेष". पोरांनो, हौस चांगली. पण वस्तू उचलू नका. आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा, गट नंबर आणि किती खोल ते वहीत लिहा. जुनी मौल्यवान वस्तू मिळाली तर कलेक्टर कचेरीला कळवावं लागतं, १८७८ पासून तसा कायदा आहे. आणि कुठल्या काळाची, हे जाणकाराला ठरवू द्या. खोटं ठरलं तर पुढच्या वेळी खऱ्यालाही कुणी विचारत नाही.

आमच्या गाड्या कुठल्या शेतात ओतल्या, ते आम्हाला अजून आठवतं. सुगी झाली की तिकडे जाऊन ते बांध दाखवणार आहोत. इथली दोन पोरं वही घेऊन येतो म्हणालीत. येताना त्यांना इनामगावही दाखवू.

जय भीम!