बिऱ्हाड हलवण्याचा हिशेब



व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, विज्ञान असे विषय डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज ट्रकभाडे, हमाली, अनामत रक्कम आणि भाड्याची खोली यांविषयी बोलणार आहोत. हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यातला मुलगा, भाऊ किंवा जावई पुण्याला, मुंबईला वा हैदराबादेस गेलेला नाही असे घर आपल्या गावात शोधावेच लागेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. जे शिकलो ते कामगारांच्या पगारपत्रकांतून, करारांतून आणि कायद्याच्या पुस्तकांतून. त्या शिक्षणाचे सार आज एका वाक्यात मांडतो. बिऱ्हाड हलवण्याचा खर्च हा मजुरीच्या सौद्याचाच भाग आहे. तो होकार देण्यापूर्वी मांडला नाही, तर तोच खर्च पुढे कर्जाचे रूप घेऊन दारात उभा राहतो.

आपल्या भागातून बाहेर पडण्याची वाट जुनी आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. माल असो वा माणूस, मुंबईकडे जायचे तर कुर्डुवाडीस उतरून मोठ्या गाडीत चढणे आले. २००७-०८ च्या सुमारास तो मार्ग रुंद झाला आणि ती उतरचढ संपली. निलंग्याला मात्र अजून रेल्वे नाही. आपले बिऱ्हाड निघते ते रस्त्यानेच.

पूर्वी बाहेर पडणारा माणूस बहुधा एकटा असे. कोकणातला आणि घाटावरचा गिरणी कामगार मुंबईत गेला की गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी आणि खानावळवाल्या बाईकडे जेवे. त्याचे सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. बायकामुले, गुरेढोरे, भांडीकुंडी सारे गावीच राही. आज तसे नाही. आज सगळे घरच उचलून जाते. त्यात शीतकपाट आहे, लोखंडी कपाट आहे, मुलांची शाळा आहे, म्हाताऱ्या आईचे औषध आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे, पण माणसाचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. त्याला ट्रक लागतो, आणि ट्रकाला पैसा लागतो.

आमचे सांगणे असे की, निघण्यापूर्वी पैशाच्या तीन पुरचुंड्या बांधाव्यात. पहिली वाटेची, दुसरी बस्तान बसवण्याची आणि तिसरी परतीची. पहिली सगळेच बांधतात. दुसरी अर्धीमुर्धी बांधली जाते. तिसरीचे नाव कोणी काढत नाही, आणि माणूस अडतो तो तिथेच.

प्रथम वाटेची पुरचुंडी. निलंगा ते पुणे हे अंतर पावणेचारशे-चारशे किलोमीटरच्या घरात आहे. घरसामानाचा ट्रक वजनाने भरत नाही, जागेने भरतो. म्हणून सामानाची यादी करावी आणि प्रत्येक जिनसेपुढे ‘न्यायची’, ‘विकायची’ किंवा ‘ठेवायची’ असे लिहावे. जुनी खाट नेण्याचे भाडे आणि हमाली मिळून तिथल्या नव्या खाटेच्या निम्म्यावर जात असेल, तर खाट इथेच द्यावी. पुण्याहून माल घेऊन आलेला आणि रिकामा परत जाणारा ट्रक मिळाला तर भाडे पुष्कळ उतरते. त्यासाठी चार दिवस इकडेतिकडे होण्याची तयारी ठेवावी. मुलांची शाळा जूनच्या मध्यास उघडते, म्हणून सर्वांना मे महिन्यातच निघायचे असते आणि भाडेही तेव्हाच चढते. पावसाळ्यात निघणाऱ्याने ताडपत्रीची खात्री आधी करावी.

भाडे ठरवताना चढवणे-उतरवणे त्यात आहे की नाही, तिथे मजले किती, हे लिहून घ्यावे. हमालाशी घासाघीस दारात, सामान अर्धे उतरल्यावर करू नये. ती दोघांच्याही मानाची गोष्ट नव्हे. माथाडी आणि हमालांना कायद्याचे छत्र मिळावे म्हणून अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी किती झीज सोसली, तेव्हा कुठे १९६९ चा माथाडी कायदा झाला. आपला खर्च वाचवायचा तो हमालाच्या घामातून नव्हे.

आणि बिल्टी घ्यावी. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे मालाची पावती देणे हे वाहतूकदाराचे काम आहे. मालाची किंमत आधी लिहून दिली नसेल, तर नुकसान झाल्यावर त्याची जबाबदारी मर्यादित राहते. सारे पैसे आगाऊ देऊन, नुसत्या फोनवरच्या गोड बोलण्यावर सामान हवाली करणारे आणि मग वाटेतच वाढीव रकमेची मागणी ऐकणारे लोक आमच्याकडे सल्ल्याला आले आहेत. कागद नसला की तक्रारीला पाय नसतात.

आता दुसरी पुरचुंडी, बस्तानाची. यात घरमालकाची अनामत, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, दलालाची दलाली, कराराचा खर्च आणि किरकोळ खरेदी येते. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या ५५ व्या कलमाने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा ‘नोंदणी कशाला, आपण घरचेच आहोत’ असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणावे.

शाळेचा दाखला मुख्याध्यापकांनी ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या पाचव्या कलमात हे सांगितले आहे. ज्यांचे धान्य अन्नसुरक्षा योजनेतून येते त्यांनी रेशनकार्ड रद्द करण्याची घाई करू नये. ते आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालते. हैदराबादेस जाणाऱ्यांनी एक जादा गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्य बदलते, म्हणून बारा महिन्यांहून अधिक काळ तिथे ठेवलेल्या गाडीची नोंदणी बदलावी लागते. त्याचा खर्च आणि हेलपाटे आधीच धरावेत.

आणि पहिला पगार! माणूस १ तारखेला कामावर रुजू झाला, तर त्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत केव्हाही येऊ शकतो. कायद्याची मुदतच ती आहे. म्हणजे सदतीस दिवस घर विनापगार चालवायचे. हे सदतीस दिवस किती जणांना सावकाराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतात, ते आम्ही पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत. आपापले घालून पाहावेत. समजा, इथे १८,००० रुपये पगार आहे आणि पुण्यात २७,००० देऊ केले आहेत. घरात आनंदीआनंद, कारण दरमहा ९,००० वाढले. पण इथे घरभाडे ३,००० होते, तिथे ८,५०० पडणार. ५,५०० तिथेच गेले. कामावर जाण्यायेण्याचे १,५०० वाढले. दूध, भाजी, दळण, पाणी यांत १,२०० वाढले. एकूण ८,२०० गेले, उरले ८००.

आता एकदाच होणारा खर्च पाहा. ट्रक १८,०००, हमाली ४,०००, बांधाबांध २,०००, माणसांचा प्रवास २,०००, दलाली ८,५००, करार १,५००, किरकोळ खरेदी ५,०००. बेरीज ४१,०००. परत मिळणारी अनामत यात धरलेलीच नाही. दरमहा ८०० शिल्लक टाकून ४१,००० फेडायला एक्कावन्न महिने लागतात, म्हणजे सव्वाचार वर्षे. नऊ हजारांची वाढ सव्वाचार वर्षांनी पहिल्यांदा हातात पडणार!

यात आणखी एक रकम आहे, ती घरचा पुरुष बहुधा मांडतच नाही. माउली इथे शिवणकाम करून, डबे देऊन किंवा शिकवण्या घेऊन महिन्याला चार हजार मिळवत असेल, तर ती मिळकत ट्रकात चढत नाही. गिऱ्हाईक गावीच राहते. मग आठशेची शिल्लक दूरच, दरमहा बत्तीसशेची तूट येते. म्हणून हा हिशेब नवराबायकोने मिळून मांडावा. नव्या गावात तिला काम कोठे मिळेल, हा प्रश्न बदलीच्या हुकमाइतकाच महत्त्वाचा आहे.

मग जाऊच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, पुढच्या बढतीसाठी माणसे जातात आणि त्यांचे भलेही होते. पण हिशेब हाती असला की मालकाशी बोलता येते. सत्तावीस हजार नव्हे, सामान हलवण्याचा खर्च वेगळा द्या आणि पहिल्या महिन्याची उचल द्या, असे म्हणता येते. आणि ते नेमणुकीच्या पत्रात लिहून घेता येते. ही भीक नव्हे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात, ठेकेदाराने परराज्यात नेलेल्या कामगाराला पगाराच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते विस्थापन भत्ता म्हणून देण्याची तरतूद होती. जाण्याचे आणि परतीचे, दोन्ही भाडे त्यात होते. २०२० च्या संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, वर्षाकाठी गावी जाण्यायेण्याचे भाडे ठेवले, पण विस्थापन भत्ता गेला. जे कायद्यातून गेले ते करारात मागणे, हे संघटनेचे काम आहे.

आता तिसरी पुरचुंडी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. इतके दिवस माणसे तग धरू शकली ती कशाच्या बळावर? पुष्कळांना गाव होते. तिथे थोडी जमीन होती, चुलीत लाकूड होते. संप हरला ही गोष्ट वेगळी. पण ज्याला परतता येत होते त्याला उभे राहता येत होते.

याउलट २०२० साल आठवा. टाळेबंदीत काम थांबले, पगार थांबला, गाड्याही थांबल्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशाचे मजूर रुळांच्या कडेने चालत निघाले, आणि ८ मेच्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, करमाडजवळ, थकून रुळांवर झोपलेल्या १६ जणांवरून मालगाडी गेली. त्या दिवशी नुसते गाडीभाडे गाठीशी असून भागले नसते, हे खरे. पण दोन महिने बिनकामाने जिथल्या तिथे थांबण्याइतकी शिल्लक, हीसुद्धा परतीच्या पुरचुंडीतलीच असते. आणि ती त्यांना जमवता येईल इतकी मजुरी कोणी दिली नव्हती.

आपला ऊसतोड कामगार तर परतीची पुरचुंडी बांधूच शकत नाही, कारण तो मुकादमाची उचल घेऊन निघतो. त्याचा सगळा हंगाम उचल फेडण्यात जातो. शहरात नोकरीला जाणारा शिकलेला मुलगा कर्ज काढून बिऱ्हाड हलवतो, तेव्हा तोही एक प्रकारे उचल घेऊनच निघतो. फरक इतकाच की त्याचा मुकादम त्याला दिसत नाही. वरिष्ठ अपमान करतो, जादा तास राबवतो, तरी तो बोलत नाही. कारण नोकरी सोडली तर ट्रक आणायला पैसा नाही.

म्हणून आमची मागणी लहान आहे. दोन महिन्यांचा घरखर्च आणि सामान परत आणण्याचे भाडे एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला हात लावू नये. ती नसेल तर कर्ता माणूस आधी एकटा जावा, सहा महिने राहून पाहावा, मग बिऱ्हाड न्यावे. जुने गिरणी कामगार अडाणी होते म्हणून असे करीत नसत.

आणि गावासाठी एक सूचना. आपल्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. जे पुण्याला, हैदराबादेस, मुंबईला बिऱ्हाड घेऊन गेले, त्यांनी सुटीत गावी आल्यावर तीत आपला खर्च लिहावा: ट्रकाला किती दिले, अनामत किती, पहिला पगार कोणत्या तारखेस आला. नावे लिहिण्याची गरज नाही, आकडे पुरेत. पुढच्या वर्षी निघणाऱ्याने ती वही आधी वाचावी. या वहीचे पहिले पान आमच्या संघटनेकडचे आकडे घालून आम्ही उद्याच भरून देतो.