लतीफ : अभंगातलं एक नाव
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेलं निरूपण)

शंभर वर्षांच्या आठवणी सांगायला आज इथं पुष्कळ जाणती मंडळी बसली आहेत. आम्ही मात्र एकाच नावाबद्दल बोलणार आहोत. कारण त्या नावापाशी आमची एक चूक अडकली आहे.

एका वारीत दुपारच्या विसाव्याला लिंबाखाली एक पोरगा कळशी घेऊन वारकऱ्यांना पाणी देत होता. आम्ही पाच-सहा जण टेकलो, पेले हातात घेतले. कुणीतरी सहज विचारलं, "बाळा, नाव काय रे तुझं?" त्यानं सांगितलं. नाव मुसलमानी होतं. आमच्यातल्या दोघांनी भरलेले पेले तसेच खाली ठेवले. बाकीचे आम्ही पाणी प्यालो, पण त्या दोघांना एका शब्दानं बोललो नाही. पोरानं पेले उचलले, पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि पुढच्या दिंडीकडे गेला.

रात्री मुक्कामावर तुकोबारायांचा अभंग निघाला. जातीच्या ताठ्यानं कुणाचा उद्धार होत नाही हे सांगताना ज्यात ते गोरोबाकाका, रोहिदास, सेना महाराज यांची नावं घेतात, तो. त्याच अभंगात कबीर आहेत आणि लतीफही आहेत. त्या चरणाशी आलो आणि आमच्या हातातले टाळ जड झाले. दुपारी नाव ऐकून पाणी ठेवलं, आणि रात्री तसलंच नाव भक्तीनं गायचं?

मग त्या नावाचा अर्थ शोधला. काही गाथ्यांत ते 'लतिब' असंही छापलेलं आहे. मूळ शब्द अरबी, लतीफ. मुसलमान बांधव अल्लाची ९९ नावं घेतात, जशी आपण विष्णूची सहस्र नावं घेतो. त्या ९९ नावांत हे एक आहे. लतीफ म्हणजे सूक्ष्म, नजरेला न सापडणारा. आणि दुसरा अर्थ, दयाळू, हळुवार. ज्याची कृपा आवाज न करता पोचते असा. मुलाचं नाव पुष्कळदा अब्दुल लतीफ ठेवतात. 'अब्द' म्हणजे दास. म्हणजे त्या दयाळूचा दास. आपल्याकडं विठ्ठलदास नाव ठेवतात, त्याच जातीचं हे नाव.

आता कबीर या नावाचा अर्थ पाहा. तोही अरबी शब्द, अर्थ मोठा, थोर. म्हणजे तुकोबांच्या एकाच चरणात थोर आणि सूक्ष्म शेजारी-शेजारी बसले आहेत. अणूहून लहान आणि आकाशाएवढा हा अनुभव ज्यांनी गायला, त्यांच्या गाथेत ही दोन नावं परकी कशी वाटावीत?

आणि अरबी म्हणून शब्द दूरचा म्हणाल, तर आपली दिंडी चालते कशावर? मुक्काम, मजल, हजेरी, हिशेब हे सगळे शब्द तिकडूनच आले. ते आपण रोज उच्चारतो, एकालाही कधी दाराबाहेर उभं केलं नाही. देहूहून निघाल्यावर तुकोबांच्या पालखीची पहिली अभंग-आरती होते ती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी. वाट आपल्याला थोरांनी आखून दिलेली आहे. चुकलो ते आम्ही.

पुढच्या वर्षी त्याच लिंबाखाली मुद्दाम थांबलो. पेला ठेवणारे ते दोघंही बरोबर होते. पोरगा दिसला नाही, त्याचा बाप होता. दोघांनी आधी पाणी मागितलं आणि पेला रिकामा केला. मग झालेलं सगळं सांगून हात जोडले. तो माणूस काही बोलला नाही. कळशी वाकवून त्यानं दोघांचे पेले पुन्हा भरले आणि म्हणाला, "घ्या माऊली, ऊन लई हाय."

लतीफ या शब्दाचा अर्थ आम्ही पुस्तकात वाचला होता. कळला तो त्या लिंबाखाली.

दिंडीच्या दुसऱ्या शतकात चालणाऱ्या पोरांना एवढंच सांगणं आहे. वाटेवर पाणी देणाऱ्याचं नाव जरूर विचारा. पण आधी पाणी प्या, आणि नाव ऐकल्यावर त्याच्या पाया पडा.

रामकृष्ण हरी!