डिंगो : ना घरचा, ना घाटाचा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या मांडवात कुत्र्यावर व्याख्यान, हे ऐकून काहींना गंमत वाटली असेल. पण दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, तेव्हा विषय अगदीच परका नाही. आज मी ज्या कुत्र्याबद्दल बोलणार आहे तो मात्र ऑस्ट्रेलियातला आहे. त्याचे नाव डिंगो.

आधी एक घोटाळा दूर करू. मराठीत ‘रानकुत्रा’ म्हटले की आपल्याला कोळसुंदा आठवतो. मेळघाट-ताडोबात, इकडे पेंच-कान्हात कळपाने शिकार करणारा, तांबूस अंगाचा आणि काळ्या झुबकेदार शेपटीचा. कोळसुंदा ही वेगळीच जात, तिचे आपल्या घरच्या कुत्र्याशी अगदी दूरचे नाते. डिंगोचे तसे नाही. त्याचा फोटो दाखवला तर तुम्ही म्हणाल, हा तर आपल्या गल्लीतला मोती! तसाच पिवळसर तांबडा रंग, उभे कान, सडपातळ बांधा, पायांवर आणि शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. वजन साधारण १५ ते २० किलो.

या साम्यामुळे डिंगो भारतातूनच गेला असावा, असा तर्क पुष्कळांनी केला. २०१३ मध्ये माणसांच्या जनुकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारताकडून काही लोक ऑस्ट्रेलियात पोहोचले आणि कुत्री कदाचित त्यांच्याबरोबर गेली, असे त्यात सुचवले होते. आपल्याला ऐकायला बरे वाटावे असेच ते होते. पण पुढे २०१६ मधल्या अभ्यासात त्याला दुजोरा मिळाला नाही. कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी सांगते की डिंगोचे जवळचे नाते न्यू गिनीच्या डोंगरात गाणे गायल्यासारखा सूर लावणाऱ्या कुत्र्यांशी आहे, आणि मूळ पूर्व व आग्नेय आशियाकडचे आहे.

तो गेला कसा? ऑस्ट्रेलिया आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र आहे, आणि कुत्र्याला तो पोहून पार करता येणार नाही. म्हणजे कोणा दर्यावर्दी माणसांनी त्याला नावेत घालून नेले. दक्षिणेकडच्या नलरबॉर मैदानात मदुरा नावाची गुहा आहे, तिथे सापडलेली डिंगोची हाडे सुमारे ३,१०० ते ३,३०० वर्षांपूर्वीची ठरली आहेत. टास्मानिया बेटावर डिंगो कधीच नव्हता, कारण तो येण्याच्या हजारो वर्षे आधी समुद्राची पातळी वाढून ते बेट मुख्य भूमीपासून तुटले होते. पट्टेरी टास्मानियन वाघ मुख्य भूमीवरून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला, पण टास्मानियात विसाव्या शतकापर्यंत टिकला. त्यात डिंगोचा हात किती, माणसाचा किती आणि हवामानाचा किती, यावर आजही वाद आहे.

माणसाबरोबर आलेला हा प्राणी तिथे उतरला आणि रानात शिरला. वाळवंट, उत्तरेकडचे पाणथळ प्रदेश, आग्नेयेकडचे बर्फ पडणारे डोंगर, समुद्रकिनारे, सगळीकडे त्याने घर केले. ससा किंवा सरडा असेल तर तो एकट्याने धरतो. मोठा कांगारू असेल तर कुटुंब मिळून शिकार होते. टोळीत एक नर-मादीची जोडी मुख्य असते आणि पिल्ले बहुधा तिचीच. आपली गावठी कुत्री वर्षातून दोनदा वितात, डिंगोची मादी एकदाच. तो भुंकतो थोडा आणि कोल्हेकुई मात्र लांबलचक करतो. आणखी एक खूण त्याच्या पोटात आहे. माणसाच्या शेतीबरोबर वाढलेल्या कुत्र्यांत पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या पुष्कळ प्रती असतात. पिढ्यान्‌पिढ्या भात-भाकरी खाल्ल्याचा तो परिणाम. डिंगोत ती वाढ झालेली नाही. शेतीची भाकरी त्याच्या वाट्याला आलीच नाही.

तिथल्या आदिवासींनी मात्र त्याच्याशी एक नाते जोडले होते. ते बिळातून पिल्ले आणत, लाडाने वाढवत, थंडीच्या रात्री जवळ घेऊन झोपत. पिल्लू वयात आले की आपल्या वाटेने रानात निघून जाई, आणि त्याला कोणी बांधून ठेवत नसे. सिडनीच्या परिसरातल्या धारुग लोकांच्या भाषेत वस्तीतल्या कुत्र्याला ‘डिंगो’ आणि रानातल्याला ‘वॉरिगल’ असे दोन शब्द होते. प्राणी एकच. १७८८ मध्ये इंग्रज तिथे उतरले आणि त्यांनी वस्तीतल्या कुत्र्याचा शब्द उचलून सगळ्यांना लावला.

इंग्रजांबरोबर मेंढ्या आल्या आणि डिंगोचे दिवस फिरले. मेंढपाळाची बाजूही समजून घेतली पाहिजे. कळपात शिरलेला डिंगो एकाच रात्री भुकेपेक्षा कितीतरी जास्त मेंढ्या मारतो, आणि त्यात एखाद्या कुटुंबाची वर्षाची कमाई जाते. म्हणून गोळ्या, सापळे, विष आणि शेवटी कुंपण आले. १८८० च्या दशकात सशांसाठी उभारलेल्या कुंपणांचा आधार घेऊन पुढे डिंगोसाठी सलग कुंपण झाले. ते क्वीन्सलंडपासून दक्षिणेच्या समुद्रकड्यापर्यंत जाते. लांबी सुमारे ५,६०० किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या दीडपटीहून जास्त!

कुंपणाच्या आत मेंढ्या वाचल्या, पण इतरही गोष्टी बदलल्या. कांगारू आणि एमू वाढले, ते गवत फस्त करू लागले. जिथे डिंगो नाही तिथे कोल्हे आणि रानमांजरे जास्त दिसतात. ती उड्या मारणारे छोटे उंदीर खातात. हे उंदीर झुडपांच्या बिया खात असत. ते कमी झाले, तशी झुडपे वाढली. झुडपांनी वाळू अडवली आणि वाळूच्या टेकड्यांचा आकारसुद्धा कुंपणाच्या दोन बाजूंना वेगळा झाल्याचे संशोधकांनी मोजून दाखवले आहे. एक कुत्रा हटवला, तर वाळूपर्यंत फरक पडला.

आता मी आजच्या विषयातल्या सर्वांत दुःखद गोष्टीकडे येतो. १७ ऑगस्ट १९८० ची रात्र. उलुरू या प्रचंड तांबड्या खडकाजवळ चेंबरलेन कुटुंब तंबू टाकून राहिले होते. नऊ आठवड्यांची अझारिया तंबूतून नाहीशी झाली. तिची आई लिंडी हिने सांगितले की डिंगोने माझे बाळ नेले. माग काढण्यात तरबेज असलेल्या आदिवासींनी तंबूजवळ डिंगोचे ठसे ओळखले. पहिल्या चौकशीत आईचे म्हणणे मान्यही झाले. पण लोकांना ते पटेना. कुत्र्यासारखा दिसणारा प्राणी मूल कसे नेईल? ही आई लोकांसमोर रडत का नाही? तिचा पंथ कुठला? कुजबुज वाढत गेली. मोटारीत बाळाचे रक्त सापडले असे तज्ज्ञांनी सांगितले आणि १९८२ मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. त्या वेळी ती गरोदर होती. पुढची मुलगी तिला तुरुंगात असतानाच झाली.

१९८६ मध्ये डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ बाळाचे जाकीट सापडले आणि लिंडी सुटली. ज्याला रक्त म्हटले होते, त्यातले बरेचसे मोटारीच्या कारखान्यात आवाज दाबण्यासाठी मारलेल्या लेपाचे डाग निघाले. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. बाळाचा मृत्यू डिंगोमुळे झाला, असा अंतिम निर्वाळा यायला मात्र २०१२ साल उजाडले. ३२ वर्षे!

धोब्याच्या कुत्र्याची म्हण आपल्याला ठाऊक आहे : ना घरचा, ना घाटाचा. डिंगोची तीच गत माणसाने केली. मेंढ्या मारल्या की तो रानटी ठरतो, आणि आई खरे सांगते तेव्हा तो ‘साधा कुत्रा’ होतो. आजही हेच चालते. एकाच देशात तो काही अभयारण्यांत संरक्षित आहे आणि त्यांच्या हद्दीबाहेर पडला की ‘जंगली कुत्रा’ या नावाने विष घालून मारला जातो. हे नाव देण्यामागे, आता शुद्ध डिंगो उरलेच नाहीत, सगळे संकर आहेत, अशी समजूत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तपासलेले बहुतेक प्राणी शुद्ध डिंगोच निघाले.

मग करायचे काय? काही पशुपालक मेंढ्यांबरोबर राखणीची कुत्री आणि गाढवे ठेवतात, आणि आपल्या धनगरांना राखणीच्या कुत्र्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कगारी बेटावर, म्हणजे पूर्वीच्या फ्रेझर आयलंडवर, डिंगोला खाऊ घातले तर दंड होतो. हे कडक वाटेल. पण माणसाच्या हातचे खाऊन धीट झालेले डिंगो अंगावर येतात. २००१ मध्ये तिथे नऊ वर्षांचा एक मुलगा गेला, आणि त्यानंतर कित्येक डिंगोंना गोळ्या घातल्या गेल्या. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे सिडनी-मेलबर्नला आहेत. तिकडे फिरायला गेलात तर बिस्किटाचा पुडा पिशवीत ठेवा, लहान मुलाचा हात सोडू नका, आणि डिंगो समोर आला तर पळू नका. त्याच्याकडे तोंड करून शांतपणे मागे सरा.

श्रोतेहो, हा प्राणी आपल्या मोतीसारखा दिसतो म्हणून मोती नव्हे, आणि मेंढ्या मारतो म्हणून राक्षसही नव्हे. तो डिंगो आहे. त्याच्याकडे नीट पाहिले असते तर एका आईची तुरुंगातली वर्षे वाचली असती, एवढे जरी आज आपल्या लक्षात राहिले तरी मला पुरे आहे.



गणपती बाप्पा मोरया!