निकालाचा ताळेबंद

(मलकापूर येथे स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निकाल लागला की सत्कार सुरू होतात आणि सत्कारात सर्वांचे लक्ष पहिल्या रांगेकडे असते. मी आज मागच्या रांगांशी बोलणार आहे. ज्यांची निवड झाली त्यांना शासन मसुरीला नेऊन शिकवील. त्यांना माझ्या उपदेशाची गरज नाही. ज्यांचे नाव यादीत नाही, आणि ज्यांच्या वडिलांनी उसाच्या बिलातून पुण्यातील खोलीचे भाडे भरले, त्यांना निकालाचा अर्थ लावून घेणे अधिक निकडीचे आहे. मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा निकालाकडे प्रथम एक हिशेब म्हणून पाहू.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०२४ ची नागरी सेवा परीक्षा घ्या. अर्ज आले ९,९२,५९९. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीस २,८४५ आणि शिफारस झाली १,००९ जणांची. बसलेल्या दर हजारांमागे दोनदेखील नाहीत. हे आकडे तुम्हांपैकी अनेकांना पाठ असतील. परंतु आणखी दोन आकडे आहेत, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. एकूण २,०२५ गुणांपैकी देशात प्रथम आलेल्या उमेदवारास १,०४३ गुण मिळाले आणि खुल्या प्रवर्गातून शेवटी निवडल्या गेलेल्यास ९४७. पहिल्याला साडेएक्कावन्न टक्के, शेवटच्याला पावणेसत्तेचाळीस टक्के. सारे अंतर ९६ गुणांचे.

ज्याला ९४० गुण पडले तो मुलाखतीच्या दारातून रिकाम्या हाताने परतला. तो ९४७ वाल्याहून मंदबुद्धी आहे असे म्हणण्यास कोणता आधार आहे? एकच निबंध दोन परीक्षकांकडे दिला तर सात गुणांचा फरक सहज पडतो, हे उत्तरपत्रिका तपासण्यात उमर घालवलेली आम्ही माणसे जाणतो. शालान्त परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा आधी ठरलेली असते, तिच्याखाली राहिलेला नापास. येथे रेषा मागाहून ओढली जाते, आणि ती कोठे पडणार हे मुख्यतः शासन किती जागा भरू इच्छिते त्यावर ठरते. त्या वर्षी जागा ११२९ होत्या. त्या पंधराशे असत्या तर आज घरी बसलेले शेकडो तरुण ‘हुशार’ ठरले असते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की ‘नापास’ हा शब्द ह्या परीक्षेसाठी वापरू नये. तो येथे लागूच पडत नाही.

रेषा ओढण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या हाती असतो, हे आपल्या देशाने फार पूर्वी पाहिले आहे. आय.सी.एस.ची परीक्षा केवळ लंडनमध्ये होत असे. १८७० च्या दशकात ब्रिटिशांनी उमेदवाराचे कमाल वय २१ वरून १९ वर आणले आणि हिंदी तरुणांची वाट जवळजवळ बंद केली. ती परीक्षा हिंदुस्थानातही व्हावी ही दादाभाईंच्या पिढीची मागणी. ती फळाला आली १९२२ साली, अलाहाबादेत. मराठीत उत्तरे लिहिण्याची मुभा मिळण्यास तर स्वातंत्र्यानंतरही कोठारी समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागली. १९७९ पासून ती मिळाली. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र आजही हिंदी व इंग्रजीतच येते.

वयाचीच गोष्ट उलट्या अंगाने पाहा. २०१६ साली महाराष्ट्राने राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली आणि मागासवर्गीयांसाठी ४३. तिला सवलत म्हटले गेले. माझे मत निराळे आहे, आणि ते आपल्या काही कार्यकर्त्यांना रुचणार नाही. जागा न वाढवता वय वाढवले की नोकऱ्या वाढत नाहीत, वाट पाहणाऱ्यांची रांग वाढते. इंग्रजांनी वय उतरवून दार लावले. आपण वय चढवून दार उघडे असल्याचा भास निर्माण केला. त्या भासावर पंचवीस ते अडतीस ही उमेदीची तेरा वर्षे खर्ची पडतात, आणि त्यांची नोंद बेकारीच्या खात्यातही नीट होत नाही, कारण हे तरुण ‘तयारी करीत’ असतात.

शिवाय नाव यादीत आले म्हणजे सुटका झाली असेही नाही. राज्यसेवेच्या २०१९ च्या परीक्षेचा निकाल १९ जून २०२० रोजी लागला. राज्यात पहिला आलेला तरुण आपल्याच सातारा जिल्ह्यातला. सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षणास सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, मे २०२१ मध्ये तो कायदाच रद्द झाला, आणि निवड झालेली मुले वर्ष उलटले तरी नेमणुकीवाचून घरी बसून होती. आयोग शिफारस करतो. नेमणूक शासन करते. ह्या दोहोंमधले अंतर कागदपत्रांच्या तपासणीचे असते, वैद्यकीय तपासणीचे असते, आणि कधी कधी केवळ अनास्थेचे.

निकालानंतर गावच्या पारावर वेगळीच चर्चा चालते. अमक्या प्रवर्गाची रेषा किती, तमक्याची किती, कोणी कोणाची जागा ‘खाल्ली’. ह्या चर्चेत शिरण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की २०२२ साली राज्य शासनाची दोन लाखांहून अधिक पदे रिक्त असल्याचे आकडे प्रसिद्ध झाले होते, आणि घोषणा झाली ती ७५ हजार पदे भरण्याची. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुणांच्या रोषामुळे तो ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. जागा रिकाम्या ठेवणारा हात दिसत नाही म्हणून शेजारच्या वाड्यातील मुलावर राग काढला जातो.

आता ज्याच्या त्याच्या हिशेबाकडे येऊ. गुणपत्रिका उघडा आणि आपण कोणत्या पायरीवर थांबलो ते पाहा, कारण प्रत्येक पायरीचा अर्थ निराळा. केंद्राच्या पूर्वपरीक्षेत पहिल्या पेपराची खुल्या प्रवर्गाची रेषा २०२४ मध्ये २०० पैकी ८७.९८ होती. शंभरांपैकी चव्वेचाळीस प्रश्नांचे निव्वळ गुण तेथे पुरेसे ठरले. दोनतीन प्रयत्नांनंतरही जो ह्या रेषेच्या पुष्कळ खाली आहे त्याने आणखी एक शिकवणीवर्ग लावून काही साधणार नाही. त्याने वाट बदलण्याचा विचार करावा. जो रेषेच्या अगदी जवळ आहे त्याने चुकलेल्या उत्तरांची वजाबाकी आधी पाहावी. दुसऱ्या पेपरात ३३ टक्के न मिळाल्याने जो अडकला त्याचे दुखणे गणित वा उतारा-आकलनाचे आहे. इतिहासाची पुस्तके पुन्हा वाचून ते बरे होणार नाही. मुख्य परीक्षेत थांबलेल्याने विषयवार गुण मांडावेत. वैकल्पिक विषय एकट्याने ५०० गुणांचा असतो, आणि मित्राने घेतला म्हणून घेतलेला विषय तेथेच दगा देतो. राज्यसेवेच्या मुलांनी हेही लक्षात ठेवावे की २०२५ च्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर खुणा करण्याची सवय आता कामाची नाही. हाताने लिहावे लागेल, रोज.

मुलाखतीपर्यंत गेलेल्यांनी गुणपत्रिका फेकून देऊ नये. अंतिम यादीत न आलेल्या अशा उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, इतर संस्थांना नोकरीसाठी उपलब्ध करून देण्याची केंद्रीय आयोगाची योजना आहे. २०२५ पासून ती ‘प्रतिभा सेतू’ नावाने चालते.

आणि एक गोष्ट निवड झालेल्यांसाठी, मी त्यांना आधी बाजूला ठेवले असले तरी. राज्य आयोगाच्या तात्पुरत्या निवड यादीनंतर भरतीतून बाहेर पडण्याचा विकल्प देता येतो. ज्याच्या हाती आधीच त्याच तोडीची वा वरची नोकरी आहे, त्याने तो विकल्प मुदतीत दिला तर खालच्या एका उमेदवाराचे नाव वर सरकते. न दिला तर ती जागा कोणाच्याच पदरात न पडता वाया जाऊ शकते. मलकापुरातून एकाने जरी हा विकल्प दिला तरी एका सत्कारापेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटेल.

राहिला प्रश्न आणखी किती वर्षे, हा. ‘चार वर्षे घातली, आता कसे सोडू?’ असे विद्यार्थी विचारतात. अर्थशास्त्र सांगते की बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरू नये. गेलेली चार वर्षे तुम्ही परीक्षा दिलीत तरी परत येणार नाहीत आणि सोडलीत तरी नाहीत. मोजायचे ते पुढचे वर्ष: त्यात होणारा खर्च, न मिळणारी मिळकत, धाकट्या बहिणीचे लांबणारे शिक्षण, आणि त्यासमोर निवडीची शक्यता. खोलीभाडे, खानावळ व अभ्यासिका ह्यांचे शुल्क सर्वजण मोजतात. सोडून दिलेली मिळकत कोणी मोजत नाही, आणि बहुधा तीच सर्वांत मोठी रक्कम असते. हा हिशेब मुलाने एकट्याने पुण्यात बसून करू नये. आईवडिलांसमवेत कागदावर मांडावा, शेवटच्या प्रयत्नाची तारीख त्याच कागदावर लिहावी, आणि पालकांनी त्या तारखेआधी रोज विचारणा करू नये.

दरम्यान काम करावे. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती ह्याच कराड तालुक्यातील काले गावी, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हे त्यांचे सूत्र महाराष्ट्रभर गेले. त्याच तालुक्यातील मुलांनी नोकरी करीत अभ्यास करणे कमीपणाचे मानावे ह्याचे मला नवल वाटते. लिपिकाची, तलाठ्याची, बँकेतील नोकरी ही हार नव्हे. मलकापुरात २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी आले, ते मीटर बसवून आणि वापराप्रमाणे चढता दर लावून. ते जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी आणि त्या वेळच्या नगरपंचायतीने केले. त्यांपैकी कोणाची छायाचित्रे शिकवणीवर्गांच्या फलकांवर मी पाहिलेली नाहीत.

ह्या पानाचे वाचक असलेल्या कार्यकर्त्यांसाठी एक काम सुचवतो. आपल्या प्रत्येक गावात राज्यघटना, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, माहितीचा अधिकार, २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम हे सारे तोंडपाठ असलेली चारदोन मुले घरी बसून आहेत. पंचायत समितीत दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या म्हातारीला त्यांच्या शेजारी बसवा. अर्ज कोठे करावा, किती दिवसांत उत्तर बंधनकारक आहे, अपील कोणाकडे, हे ती मुले तुमच्यामाझ्यापेक्षा अचूक सांगतील. त्याबरोबरच आयोगाने वेळापत्रक पाळावे, शिफारशीनंतर ठरावीक मुदतीत नेमणूक व्हावी आणि प्रत्येक खात्याने रिक्त पदांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी, ह्या तीन मागण्या आपण ठरावाने तहसीलदारांमार्फत शासनाकडे पाठवाव्यात. मसुदा मी लिहून आणला आहे. त्यावर सह्या करून जाव्यात. ज्यांनी गुणपत्रिका आणल्या आहेत त्यांनी थांबावे. पालक बरोबर असतील तर त्यांनीही थांबावे. आपण एकेक कागद पाहू.