पूल पाडल्यावर जमीन कोणाची?



आपण मला या खुर्चीवर बसवलंत, त्याबद्दल आभार. आभाराचं भाषण लांबवण्याची रीत आहे, पण ती आज मोडतो. जेवणाआधी विषयाला हात घालायचा आहे.

आपल्याकडे पूल पाडले जातात. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला गेला. त्याच जागी मेट्रो आणि दुमजली पूल यायचा होता म्हणून. थोडक्यात, आपण लहान पूल पाडतो तो मोठा पूल उभारायला. शहराच्या ऐन मध्यातून जाणारा वेगवान रस्ता पाडायचा आणि त्या जागी पुन्हा तसा रस्ता बांधायचाच नाही, हा विचार आपल्या कोणत्याही विकास आराखड्यात अजून शिरलेला नाही. अमेरिकेत तो चाळीसेक वर्षं भांडला जातोय. त्या भांडणातलं सॅन फ्रान्सिस्को मला सर्वांत जास्त शिकवून जाणारं वाटतं, म्हणून आज बहुतेक वेळ तिथेच घालवणार आहे.

अमेरिकेच्या 1956 च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांच्या खर्चातला 90 टक्के वाटा केंद्राने उचलला. राज्याच्या खिशातून डॉलरमागे 10 सेंट. इतक्या स्वस्तात मिळणारा रस्ता कोण नाकारणार? आणि तो न्यायचा कुठून, तर जिथे जमीन स्वस्त आणि विरोध करणाऱ्यांचा आवाज बारीक. बहुतेक शहरांत अशा वस्त्या कृष्णवर्णीयांच्या किंवा गरीब स्थलांतरितांच्या निघाल्या. यात योगायोग शोधण्याचं कारण नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने मात्र लवकर पाय रोवले. बंदराच्या काठाने जाणारा दुमजली एम्बार्काडेरो फ्रीवे 1959 मध्ये सुरू झाला आणि फेरी बिल्डिंगच्या तोंडासमोर काँक्रीटची भिंत उभी राहिली. त्याच वर्षी शहराच्या सभागृहाने आखलेल्या दहापैकी सात फ्रीवेंना नकार दिला. गोल्डन गेट पुलापर्यंत जायचा तो रस्ता ब्रॉडवेपाशीच अर्धवट राहिला. तरीही 1986 मध्ये तो पाडायचा का असं मतदारांना विचारलं, तेव्हा ते नाही म्हणाले. जे उभं आहे, ते कुरूप असलं तरी कामाचं आहे असं लोकांना वाटतं, आणि त्यांना मूर्ख ठरवण्यात अर्थ नसतो.

17 ऑक्टोबर 1989 ला लोमा प्रीएटाचा भूकंप झाला. खाडीपलीकडे ओकलंडमध्ये सायप्रस नावाचा दुमजली फ्रीवे कोसळून 42 माणसं दगावली. एम्बार्काडेरो उभा राहिला, पण जायबंदी झाला. दुरुस्त करावा की पाडावा, हा वाद आता टाळता येईना. महापौर आर्ट ॲग्नोस पाडण्याच्या बाजूने उभे राहिले आणि 1991 मध्ये पाडकाम सुरू झालं. त्याच वर्षी ॲग्नोस निवडणूक हरले. त्या पराभवाला कारणं अनेक होती, पण चायनाटाऊनची नाराजी त्यात मोठी होती.

इथे थोडं थांबू. आपल्या व्यवसायातली मंडळी ही गोष्ट सांगताना चायनाटाऊनच्या दुकानदारांना हमखास आडमुठे ठरवतात. समुद्रकिनारा खुला झाला, ट्रामगाड्या आल्या, ताडाची झाडं लागली, 2003 मध्ये फेरी बिल्डिंग नव्या रूपात उघडली, आणि हे लोक म्हणे गाड्यांसाठी रडत होते! मला ते आडमुठे वाटत नाहीत. त्या फ्रीवेचे उतार थेट त्यांच्या पेठेपाशी येत. खाडीपलीकडे राहायला गेलेली चिनी कुटुंबं शनिवार-रविवारी त्याच वाटेने बाजाराला यायची. भूकंपानंतर वाट बंद झाली आणि गल्ला रोडावला. त्यांचा प्रश्न साधा होता: गिऱ्हाईक यायचं कसं? रोझ पाक या कार्यकर्त्या बाईंनी तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षं महापालिकेच्या मानगुटीवर बसवून ठेवला. भरपाई म्हणून मागितलेली भुयारी रेल्वे चायनाटाऊनपर्यंत नियमित धावू लागली 2023 च्या जानेवारीत, भूकंपाला तेहतीस वर्षं उलटून गेल्यावर. स्थानकाला आज त्यांचं नाव आहे. गाडी पाहायला त्या राहिल्या नाहीत.

दुसरी गोष्ट त्याच शहरातल्या सेंट्रल फ्रीवेची. तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. हा रस्ता हेज व्हॅली या वस्तीवरून जायचा. भूकंपानंतर त्याचा काही भाग पाडला, उरलेल्याचं काय करायचं यावर शहराने लागोपाठ तीन वर्षं मतदान घेतलं. 1997 मध्ये लोक म्हणाले, पुन्हा बांधा. 1998 मध्ये म्हणाले, नको. 1999 मध्ये दोन्ही प्रस्ताव एकाच वेळी मतपत्रिकेवर आले आणि पुन्हा ‘नको’ जिंकलं. बांधा म्हणणारे मुख्यतः शहराच्या पश्चिमेकडचे, रोज त्या रस्त्याने जाणारे. नको म्हणणारे त्याच्या सावलीत राहणारे. 2005 मध्ये त्या फ्रीवेच्या जागी ऑक्टेव्हिया बुलेव्हार्ड सुरू झाला, ॲलन जेकब्स आणि एलिझाबेथ मॅकडॉनल्ड यांच्या रचनेचा. वाहतूक ठप्प होईल हे भाकीत एम्बार्काडेरोच्या वेळी खरं ठरलं नव्हतं, तसं इथेही ठरलं नाही. गाड्या वाटल्या गेल्या, काही फेऱ्या बंदच झाल्या. तो मुद्दा मला फार ताणायचा नाही. त्यावर आपल्या वाहतूक अभियंत्यांनी पुरेशी शाई खर्च केली आहे.

मला बोलायचंय जमिनीबद्दल. फ्रीवेखालची जमीन राज्याकडून शहराकडे आली. ती सार्वजनिक मालकीची होती, म्हणून तिच्यावर अट घालता आली: मोकळ्या भूखंडांवर होणाऱ्या घरांपैकी साधारण निम्मी परवडणारी हवीत. हे उत्तम झालं. पण त्या भूखंडांच्या शेजारची खासगी घरं? त्यांच्यावर कसलीच अट नव्हती. डोक्यावरचा पूल गेला, उजेड आला, उपाहारगृहं आली आणि भाडी चढली. तीस वर्षं धूर खाऊन राहिलेल्या भाडेकरूला उजेड मिळाला तो घर सोडण्याच्या बेतात असताना.

त्याच परिसराला लागून फिलमोर आहे. साठच्या दशकात तिथे पुनर्विकासाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. उठवलेल्यांना शहराने प्राधान्यपत्रं दिली: नवी घरं झाली की तुमचा पहिला हक्क. घरं व्हायला इतकी वर्षं लागली की बहुतेक पत्रं वापरलीच गेली नाहीत. माणसं गाव सोडून गेली, वारली, पत्ते हरवले. अलीकडे कायदा बदलून तो हक्क वंशजांना दिला आहे. संक्रमण शिबिरात म्हातारे झालेले मुंबईकर या सभागृहात असतील, तर त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पाडण्याची घाई आणि जमिनीचा विचार मागाहून, हे इतर शहरांतही दिसतं. मिल्वॉकीने महापौर जॉन नॉरक्विस्ट यांच्या आग्रहाने पार्क ईस्ट फ्रीवे 2003 पर्यंत पाडून टाकला. सुमारे 24 एकर मोकळे झाले आणि त्यातला बराच भाग वर्षानुवर्षं ओस पडून राहिला. स्थानिकांना काम, परवडणारी घरं अशा अटी काउंटीने लावल्या, त्यामुळेच विकासक आले नाहीत, असं एक मत आहे. मला ते पटत नाही. मधे 2008 ची मंदी होती आणि तिला अटींची गरज नव्हती. सोलमधल्या चोंग्येचॉन ओढ्याचे फोटो तर आपण सगळेच सादरीकरणात दाखवतो. त्यावरचा उन्नत रस्ता 2003 मध्ये उतरवला आणि दोन वर्षांत पाणी वाहतं केलं, तेही बरंचसं पंपाने आणून. तिथल्या फेरीवाल्यांना तोंगदेमुन मैदानात हलवलं होतं. काही वर्षांत ते मैदानही पाडलं आणि 2014 मध्ये तिथे झाहा हदीद यांच्या रचनेची इमारत उघडली. फेरीवाले दुसऱ्यांदा उठले. हा फोटो आपल्या सादरीकरणात नसतो.

आपल्याला हे परकं नाही. मुंबईत 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये एक दुरुस्ती झाली, वाटणी फक्त रिकाम्या जागेची उरली आणि शहराच्या पदरात तुकडे पडले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली. दुरुस्ती एका परिच्छेदाची होती. हरकती-सूचनांच्या काळात त्या परिच्छेदावर आपल्यापैकी किती जणांनी लेखी हरकत घेतली होती, हे ज्याचं त्याला माहीत.

नव्वदच्या दशकात मुंबईत बांधलेले उड्डाणपूल आता पंचविशी ओलांडून गेलेत. त्यांच्या दुरुस्तीचा खर्च वाढत जाईल आणि कधीतरी एखादा आयुक्त विचारेल, हा ठेवायचा की पाडायचा? पूल पाडायला माझा विरोध नाही. काही तर मी आनंदाने पाडीन. पण त्या दिवशी आपण वाहनसंख्येचे तक्ते घेऊन गेलो आणि जमिनीचा तक्ता घरी विसरलो, तर गिरणगावच पुन्हा होणार.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव मांडत आहे. पूल पाडण्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत मोकळ्या होणाऱ्या जागेची मालकी, तिच्या दोन्ही बाजूंच्या भाडेकरूंची आणि फेरीवाल्यांची यादी आणि त्यांच्या परत येण्याचा हक्क, हे तिन्ही निविदा निघण्याआधी राजपत्रात प्रसिद्ध झालं पाहिजे. मसुदा दाराशी ठेवला आहे. कच्चा आहे, त्यात खाडाखोड करा, पण सही केल्याशिवाय जेवायला जाऊ नका.