गायनमंडळाचे लांकडी स्टँड

(सुवर्णमहोत्सवाच्या तयारीनिमित्त गायनमंडळ व सुतारबंधु यांजपुढें केलेलें भाषण)



चर्चच्या आवारांतील पडलेल्या फणसाचें लांकूड विकावें कीं त्याचे गायनमंडळासाठीं स्टँड करावे, हा वाद आतां मिटला आहे. स्टँड करावयाचे ठरलें. परंतु ते महोत्सवाच्या दिवशींच उभे राहिले पाहिजेत असा जो आग्रह कांहीं मंडळी धरीत आहेत, त्याविषयीं आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत. ते सर्वांस रुचतीलच असें नाहीं.

लोखंडी घडीचा स्टँड आम्ही तुच्छ मानीत नाहीं. तो स्वस्त मिळतो व काखेंत धरून नेतां येतो. पण जाड गीतपुस्तक ठेवलें कीं तो मान टाकतो, आणि पंखा सुरू झाला कीं पानांबरोबर आपणही डोलूं लागतो. कित्येक तरुण आतां मोबाईलवर पाहून गातात. त्यास स्टँड लागत नाहीं हें खरें. मात्र पाहणाऱ्याची हनुवटी छातीकडे झुकते आणि आवाज गळ्यांतच अडतो.

ख्रिस्तसभेस हें साधन नवें नाहीं. छापखान्यापूर्वीं प्रत्येकाच्या हातीं पुस्तक देणें अशक्य होतें. म्हणून चर्मपत्रावर मोठ्या अक्षरांनीं लिहिलेला एकच ग्रंथ उंच लांकडी पीठावर मांडून सारे मठवासी त्याच्यासमोर उभे राहून गात. स्पेनमधील एस्कोरियल येथील मठांत, दुसऱ्या फिलिप राजाच्या काळीं, अशा गायनग्रंथांचा दोनशेंहून अधिक खंडांचा संच सिद्ध झाला, व ते मांडण्यासाठीं गायनकक्षांत एक प्रचंड फिरतें पीठ बसविण्यांत आलें. आपल्याला तेवढें नको. दोन पानें उघडीं मावतील अशी सुमारें वीस इंच रुंद व चौदा इंच उंच फळी पुरे.

या फळीचा कल हाच खरा कौशल्याचा विषय आहे. ती फार उभी केली तर पान पुढें घसरतें. फार आडवी केली तर गाणारा वांकतो. आणि तिची उंची अशी हवी कीं, डोळे पुस्तकावर असतांनाच वरच्या कडेवरून गायनप्रमुखाचा हात दिसावा. व्हायोलिन वाजविणारा बसतो, गाणारा उभा राहतो. तेव्हां दांड्यास भोंकें पाडून शिसवीच्या खुंटीनें फळी वरखालीं करण्याची सोय ठेवावी. भरीव फळी गाणाऱ्याचा आवाज त्याच्याकडेच परतविते. तींत जाळी कोरली तर वजन घटतें आणि आवाजही लोकांकडे जातो. जाळीची नक्षी कशी असावी याविषयीं मात्र आम्ही मत देणार नाहीं, नाहींतर सभा रात्रीपर्यंत चालेल!

पाय तीनच असावेत. आपल्या चर्चची फरशी समपातळींत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे; चार पाय तेथें डगमगतील, तीन डगमगत नाहींत. तीन पायांची उणीव एवढीच कीं, दोन पायांच्या मधल्या दिशेस स्टँड लवकर कलंडतो. यास्तव पुस्तकाचा भार ज्या बाजूस येतो त्या बाजूस एक पाय सरळ काढावा. सांधे खिळ्यांनीं न ठोकतां कुसूं बसवून करावेत. फळी मात्र जखडून टाकूं नये. लांकूड पावसाळ्यांत रुंदीकडे फुगतें, लांबीकडे जवळजवळ नाहीं, आणि जागा न मिळाल्यास तें वांकतें किंवा तडकतें.

आतां मूळ गोष्ट. फणसाचें लांकूड उत्तम आहे. तंजावरची वीणा त्याचीच करतात, आणि आजचा त्याचा पिवळा रंग पुढें तपकिरी होईल. पण तें अजून ओलें आहे. एक इंच जाडीच्या फळीस सावलींत वाळावयास सुमारें एक वर्ष लागतें, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. देणगीदारांच्या नांवाच्या पट्ट्या तयार झाल्या म्हणून लांकूड वाळत नाहीं. घाईनें केलेले स्टँड महोत्सवाच्या छायाचित्रांत शोभतील, आणि पुढच्या पावसाळ्यांत त्यांचे सांधे उघडतील. झाड एकच होतें. दुसरें पडण्याची वाट पाहावी अशी आमची इच्छा नाहीं. महोत्सवाची मिस्सा जुन्या स्टँडांवरच गाइली जाईल. नवे स्टँड पुढील वर्षीं २२ नोव्हेंबरला, संत सिसिलियेच्या सणास, गायनमंडळाच्या हातीं द्यावे असें आम्ही ठरविलें आहे.

आणखी एक. सुतारबंधूंनीं हें काम सेवा म्हणून विनामूल्य करावें अशी सूचना आली आहे. संत योसेफाचें नांव घेऊन कारागिराची मजुरी बुडवावी हें आम्हांस मान्य नाहीं. ज्यांस दान करावयाचें आहे त्यांनीं मजुरी हातांत पडल्यावर खुशाल करावें. उलट, ज्या मुलांना रंधा धरावयास शिकण्याची हौस आहे त्यांनीं या वर्षांत सुतारांजवळ बसावें. त्यांना चहा आमच्याकडून.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर फळ्या मागील पडवींत रचावयाच्या आहेत. प्रत्येक थरामध्यें पातळ पट्ट्या घालाव्या म्हणजे वारा खेळेल, आणि टोंकांस रंग लावावा म्हणजे तडा जाणार नाहीं. गाणाऱ्यांनीं आपापलीं पुस्तकें घेऊन यावें. उंचीचें माप त्याच वेळीं घेतलें जाईल.